गप्प बसणाऱ्यांचा चिनी वर्ग

कोल्हापुरात मी एकूण बावीस वर्षं शिकवलं. त्यातली बरीचशी वर्षं हिंदी शिकवण्यात गेली. पण हिंदीच्या बाई म्हणून मला गावात कोणी ओळखत नाही. मंगळवार पेठेत भाजी घ्यायला गेले की माझी ठरलेली भाजीवाली शेजारणीला ओरडून सांगते, "चिनी बाई आल्यात, जरा सरक." एखादा नवा गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघतो, मग तिच्याकडे. मग तीच खुलासा करते, "चिनी शिकवायच्या हो त्या हायस्कुलात. आमची भाची हुती त्यांच्याकडं चार म्हयनं. एक शब्द येत न्हाई तिला."

हा शेवटचा भाग ती आवर्जून सांगते, आणि त्यात खोटं काही नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या बऱ्याच मुलांना एक शब्द येत नाही, आणि त्याला मुलं जबाबदार नाहीत. ते कसं, हे सांगायलाच हा लेख लिहायला घेतला आहे. संपादकांनी "गमतीजमती लिहा" म्हटलं होतं. त्या येतीलच अधूनमधून.

कोल्हापुरात आणि चिनी कशी, हा प्रश्न सगळे विचारतात म्हणून आधीच सांगून टाकते. तरुणपणी दिल्लीत असताना मी ही भाषा शिकले आणि तिथल्याच एका सरकारी खात्यात चिनी वर्तमानपत्रांची भाषांतरं करत नऊ वर्षं काढली. खोलीत मी, एक टेबल, एक जाडजूड शब्दकोश आणि शिळ्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. जिवंत चिनी माणूस त्या नऊ वर्षांत मी फार तर चार वेळा पाहिला असेल. नव्वदच्या दशकात यजमानांची बदली कोल्हापूरला झाली तेव्हा शब्दकोश ट्रंकेत गेला आणि मी हायस्कूलमध्ये हिंदीचे "का, की, के" दुरुस्त करायला लागले.

दोन हजार साल उलटल्यावर इचलकरंजीत चिनी माग यायला लागले. आमच्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, ते एकदा तिथे गेले आणि मागांच्या लाकडी खोक्यांवरची चिनी अक्षरं बघून थेट माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, तुमास्नी चिनी येतंय म्हणं? मग हितं हिंदी कशाला शिकवतायसा?"

आठवी-नववीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर पाच ते सहा असा वर्ग सुरू करायचं ठरलं. चित्रकलेची खोली मिळाली. आप्पांनी एकच अट घातली. "आठ पोरं हायत तवर वर्ग. सात झाली की कुलूप. हौस म्हणून मास्तर ठेवाय आपल्याला परवडत न्हाई."

पहिल्या दिवशी सत्तावीस मुलं आली. बसायला बाक पुरले नाहीत.

आता ही भाषा शिकवतात कशी, ते थोडक्यात सांगते. चिनीला आपल्यासारखी बाराखडी नाही. प्रत्येक शब्दाचं चिन्ह वेगळं, ते डोक्यात बसवायचं आणि हातात बसवायचं. आमची मुलं गणिताच्या चौकटीच्या वहीत एका चौकोनात एक अशी चिन्हं काढायची, एकेक चिन्ह वीस वेळा. हे त्यांना जमायचं. खरी अडचण बोलण्याची. तोच उच्चार चढ्या आवाजात केला तर एक अर्थ, उतरत्या आवाजात केला तर दुसरा, सपाट ठेवला तर तिसरा. पहिल्या आठवड्यात हे मी फळ्यावर बाण काढून समजावत होते. मुलांचे चेहरे कोरे. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "बाई, आपल्या 'व्हय'सारखं?" आणि खरंच की! कोल्हापुरात 'व्हय' या एका शब्दात होकार भरतो, शंका भरते, दम भरतो आणि "तू मला शिकवतोस का" हेही भरतं. फक्त सूर बदलायचा. दिल्लीतल्या माझ्या गुरुजींना ही सोय नव्हती.

पण गुरुजींचाच एक नियम मी गाठोड्यात बांधून आणला होता, आणि माझी चूक ती हीच. "चुकीचा उच्चार एकदा तोंडात बसला की जन्मभर निघत नाही. म्हणून आधी ऐका, खूप ऐका. अचूक येईपर्यंत तोंड उघडू नका." आम्हाला त्यांनी असंच शिकवलं होतं. माझे उच्चार इतके स्वच्छ होते की परीक्षकांनी मान डोलावली होती, आणि त्याचा मला केवढा ताठा! म्हणून माझ्या वर्गात टेपरेकॉर्डर बोलायचा, मी बोलायचे आणि मुलं ऐकायची. कोणी धीर करून वाक्य म्हटलं तर पहिल्याच शब्दाला मी हात वर करून थांबवायचे. "चूक. बस खाली. आणखी ऐक."

सत्तावीसची एकोणीस झाली, एकोणिसांची बारा. मला वाटलं, कोंडा उडून जातोय, दाणे राहतायत. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा बाकांवर आठ दाणे होते.

त्या आठांत सुवर्णा मगदूम होती. नववीतली, कसबा बावड्याहून सायकलने यायची. तिचं अक्षर असं की मी तिची वही स्टाफरूममध्ये फिरवून दाखवायची. सगळे धडे पाठ. पण जूनमध्ये दोनदा मी तिला भर वाक्यात थांबवलं होतं, त्यानंतर तिने वर्गात चिनीचा एक शब्द उच्चारला नव्हता. मला ते आवडायचं. किती शिस्तीची मुलगी, असं मी घरी सांगायचेसुद्धा!

सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी तिचे वडील शाळेत आले. शेतकरी माणूस, आवाज मोठा, बोलणं रोखठोक. "बाई, पोरीचं नाव काढायला आलोय. सहा म्हयनं झालं. काल पावणं आलतं घरात, म्हटलं सुवर्णा, म्हण बघू काय तरी चिनी. तर गप्प! मान खाली घालून हुबी. मग ही शिकत्या काय हितं? अंधार पडता पडता घराला येत्या, ते कशापायी?"

मी अक्षराची वही पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. "झ्याक हाय की. पर ही काय रांगोळी हाय व्हय? भाषा हाय न्हवं ही?"

मला राग आला. आठांतली एक गेली की सात, आणि सातांवर कुलूप. म्हणजे सुवर्णाचं नाव निघालं की वर्गाचंही निघणार. मी त्यांना थोडं थांबायची विनंती केली. ते विचारात पडले आणि मग त्यांनी एक तोडगा काढला, ज्याने माझी झोपच उडाली.

"असं करू. माझ्या मेव्हण्यानं इचलकरंजीत चार नवं माग आणल्यात. चीनचा माणूस आलाय ते जोडायला, आन मुंबईचा दुभाष्या काय आला न्हाई. मेव्हणा डोक्याला हात लावून बसलाय. उद्या ऐतवार, तुमी चला. पोरीला बी घेतो. तिनं त्या माणसाशी चार शब्द बोलून दाखवावं. बोलली तर ऱ्हाऊ दे वर्गात. न्हाई बोलली तर सोमवारी नाव काढा, आन माझ्यावर रागावू नगासा."

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये सुवर्णा माझ्या शेजारी बसली होती. वहीची पानं सारखी उलटत होती. तिला धीर द्यायचा सोडून मी काय म्हणाले असेन? "नीट येत असेल तेवढंच बोल." तिने मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

इचलकरंजीत शिरलं की आजूबाजूच्या शेडांमधून मागांची खडखड अंगावर येते. सुवर्णाच्या मामांची नवी शेड तेवढी शांत होती. आत चार हिरवे माग नवऱ्या मुलासारखे उभे, आणि त्यांच्यामध्ये ल्यू नावाचे पन्नाशीचे कारागीर. निळा पोशाख, हातात गरम पाण्याची स्वतःची बाटली, चेहऱ्यावर तीन दिवसांचा वैताग. मी पुढे होऊन त्यांना नमस्कार केला आणि दोन-तीन लांब वाक्यांत माझी ओळख करून दिली. त्यांनी डोळे बारीक करून मला विचारलं, "तुम्ही रेडिओवर बातम्या देता का?"

मी हे कौतुक समजले.

सकाळभर आमचं काम बरं चाललं. बीम, सूत, पट्टा यांना चिनीत काय म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं, कारण माझ्या वर्तमानपत्रांत फक्त मंत्री आणि शिष्टमंडळं असायची. पण ल्यू बोट दाखवायचे, मामा मान हलवायचे आणि मी मध्ये उभी राहून दोघांकडून मान मिळवायचे. सुवर्णा भिंतीला टेकून उभी होती. ल्यूंनी तिला एकदा हसून "नी हाव" म्हटलं. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. तिचे वडील घड्याळाकडे बघून माझ्याकडे बघायला लागले.

बाराच्या सुमारास मुहूर्त होता. पहिला माग तेव्हा सुरू करायचा. ल्यूंनी बटण दाबलं, मागाच्या एका टोकाला बसवलेल्या पेटीवर हिरवे आकडे उमटले. तेवढ्यात मामांची आई, जिला सगळं घर अव्वा म्हणायचं, ती पूजेचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. नऊवारी, कपाळभर विभूती, वय पंच्याहत्तरच्या पुढे. अव्वाने पन्नास वर्षं मागांची पूजा केली होती. दर खंडेनवमीला जुन्या लोखंडी मागाला ती पाणी घालायची, कुंकू लावायची, आणि त्या मागांना कधी काही झालं नव्हतं. या नव्या मागाला तिने नीट न्याहाळलं. आकडे उमटलेली, उजेड पडलेली ती पेटी. हेच याचं तोंड, हे तिला दिसलंच. तिने हात जोडले आणि देवाला पाणी घालतात तसा अख्खा तांब्या त्या पेटीवर ओतला.

आकडे विझले.

ल्यू किंचाळलेच. धावत जाऊन त्यांनी भिंतीवरचा मोठा खटका पाडला, टोपी काढून जमिनीवर आपटली आणि अवजारं आपल्या पेटीत भरायला सुरुवात केली. यंत्र गिऱ्हाइकाने बिघडवलं असं लिहून देतो, हमीच्या कागदावर सही करत नाही, आज संध्याकाळीच निघतो, उरलेले तीन माग तसेच बंद पडू देत, असं ते एका दमात बोलले. मी ते मराठीत सांगितलं तशी मामांचा चेहरा पांढराफटक पडला. अव्वा रिकामा तांब्या छातीशी धरून उभी होती.

मामा मला म्हणाले, "बाई, सांगा की त्येला! पूजा हाय ही! मुद्दाम न्हाई केलं म्हातारीनं!"

मी घसा खाकरला. आयुष्यभर जमवलेली चिनी या क्षणासाठीच होती असं मला वाटलं. मी म्हणाले, "स्थानिक जनतेच्या दीर्घकालीन धार्मिक परंपरेनुसार उत्पादनाच्या साधनांवर जल अर्पण करण्याचा विधी संपन्न करण्यात आला आहे." एकही सूर चुकला नाही. ल्यूंनी थंड नजरेने माझ्याकडे पाहिलं, खिशातून छोटी वही काढली आणि मला ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं. तक्रारीत घालायला त्यांना ते हवं होतं. माझी चिनी त्या दिवशी मामांच्या विरुद्ध साक्ष द्यायला निघाली होती.

मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात बाजूने कोणीतरी चिनीत म्हणालं, "काका."

सुवर्णा भिंत सोडून पुढे आली होती. तिने ओढणीचं टोक मुठीत आवळलं होतं, आवाज चिरका येत होता.

"काका, आज मशीनचा वाढदिवस आहे."

पाच शब्दांतले दोन सूर चुकले. वर्गात असती तर माझा हात वर गेला असता. तो अर्धा गेलाही होता. तो मी खाली घेतला, आणि माझ्या नोकरीतलं मी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम बहुधा तेच.

ल्यू म्हणाले, "काय?"

कोल्हापूरकडचा माणूस समोरच्याला कळलं नाही की तेच वाक्य दुप्पट मोठ्याने म्हणतो. सुवर्णानेही तेच केलं. "आज मशीनचा वाढदिवस आहे! ही आजी आहे. आजीने मशीनचं तोंड धुतलं!"

वाढदिवस तिसऱ्या धड्यातला. आजी दुसऱ्या. "मी सकाळी उठतो, तोंड धुतो" हा पाचवा. तिच्याकडे एवढंच होतं, आणि तिने त्यातलं नेमकं उचललं होतं.

ल्यूंनी अव्वाकडे पाहिलं. तांब्याकडे पाहिलं. मग त्या ओल्या पेटीकडे. ते हळूच आपल्या अवजारांच्या पेटीवर बसले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत की काय! पण ते हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"वय किती मशीनचं?" त्यांनी सुवर्णाला विचारलं, आपण लहान मुलांना विचारतो तसं सावकाश.

"आज जन्मलं."

"वाढदिवस आहे तर शेवया कुठे आहेत?" चीनमध्ये वाढदिवसाला लांब शेवया खातात, तेवढं आयुष्य लांबतं म्हणून. हे मी तिला समजावणार होते, पण तिला 'शेवया' आणि 'कुठे' कळलं होतं, ती केव्हाच अव्वाकडे वळली होती. "अव्वा, ह्यो पावणा शेवया मागतोय!"

"खीर केलीया की मगाशीच," अव्वा म्हणाली. पाहुणा जेवायला मागतोय म्हटल्यावर तिचा आवाज एकदम ठणठणीत निघाला. "बस म्हणावं त्येला. तूप जरा जास्त वाढते."

दुधातल्या गोड शेवयांचा पहिला घास घेताना ल्यूंचा जो चेहरा झाला तो मी विसरणार नाही. पण त्यांनी वाटी संपवली, आणि अव्वाने ती पुन्हा भरल्यावर तीही संपवली. मग मागाची ती ओली पेटी उघडली, आतलं एकेक काढून कोरड्या फडक्याने पुसलं आणि दोन तास पंख्यापुढे वाळवलं. दुपारी आकडे परत उमटले तेव्हा आधी अव्वानेच टाळ्या वाजवल्या.

तीन मागांची पूजा अजून व्हायची होती. ल्यूंनी सुवर्णाला हाक मारली आणि दोघांचा करार ठरला. डोकं, हात, पाय हे शब्द तिला येत होते. "हे मशीनचं डोकं," ती म्हणाली, "डोक्यावर पाणी नको. पायावर घालू." ल्यूंनी खडू घेऊन प्रत्येक मागावर गुडघ्याच्या उंचीला एक रेघ मारली. रेघेच्या वर त्यांचं राज्य, खाली अव्वाचं. अव्वाला हे समजावल्यावर ती म्हणाली, "अगं, मग आधी सांगायचं की! पूजा पायाचीच असत्या."

परतताना जीपमध्ये मी पुन्हा सुवर्णाशेजारीच बसले. ती दमून झोपली होती. पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर तिच्या वडिलांनी विचारलं, "बाई, खरं सांगा. पोरगी बोलली त्यातलं बराबर किती हुतं?"

खरं उत्तर होतं, निम्मं. ते माझ्या ओठांवर आलंही होतं. मी म्हणाले, "त्यांना सगळं कळलं."

"मग आनि काय पायजे?" ते म्हणाले. नाव काढायची गोष्ट त्यानंतर त्यांनी कधी काढली नाही.

वर्गाला कुलूप लागलं नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा बाक कमी पडले, आणि मी निवृत्त होईपर्यंत ती खोली पाच ते सहा चालू राहिली. सुवर्णा पुढे पुण्यात शिकली आणि आता यंत्रं मागवणाऱ्या एका कंपनीत दुभाषी आहे. तिचे उच्चार माझ्याहून वाईट आहेत आणि तिची चिनी माझ्याहून दसपट कामाची आहे. हे मी तिला तोंडावर सांगितलंय. जी एकोणीस मुलं पहिल्या वर्षी मी ऐकवून ऐकवून घालवली, त्यांच्यातली काही रस्त्यात भेटतात आणि आदराने वाकून नमस्कार करतात. मला त्यांच्यापुढे कानकोंडं व्हायला होतं.

पण मला सांगायचाय तो त्या रविवारनंतरचा सोमवार. पाच वाजता आठही मुलं आली. मी टेपरेकॉर्डर कपाटात ठेवला आणि त्यांच्यापुढे उभी राहिले. मुलांची माफी मागायची मास्तरांना सवय नसते, तरी मागितली. म्हणाले, "सहा महिने मी तुम्हाला गप्प बसवलं. चुकलं माझं. आजपासून प्रत्येकाने बोलायचं. चुकलं तर चालेल, गप्प बसलेलं चालणार नाही."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना हा काहीतरी सापळा वाटत असावा. शेवटी एकीने विचारलं, "बाई, सगळंच चुकीचं बोललं तर?"

"तर सगळं चुकीचं बोल."

आधी सुवर्णा उठली आणि आपल्या अव्वाने मशीनचं तोंड कसं धुतलं ते चिनीत सांगायला लागली. शेजारच्या मुलाने तिला चिनीतच विचारलं, "मशीन रडलं का?" मग एकाच्या म्हशीचा वाढदिवस निघाला, दुसऱ्याने स्वतःच्या आजोबांना आज जन्माला घातलं, आणि पाच मिनिटांत आठही जण उभे राहून एकदम बोलत होते, कोल्हापुरी आवाजात, सूर सगळे इकडचे तिकडे. मी फळ्याला टेकून ऐकत होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांचे आवाज ओळखू यायला लागले.

दारात शिपाई येऊन उभा राहिला. दोनदा हाक मारली तेव्हा कुठे मला ऐकू गेलं.

"बाई, हेडसर इचारत्यात, त्या खोलीत कोण शिक्षक हाय का न्हाई?"

"आजपासून आहे म्हणून सांगा," मी म्हणाले.